पलीकडचे धुणे

आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी चष्मेवाल्याच्या दुकानाचे शटर अर्ध्यावर ओढलेले असे. दुकान बंद दिसे म्हणून गिऱ्हाईक फिरकत नसे, आणि खालून उजेड येई म्हणून आतल्यांचे भागे. आत शिरायचे तर कमरेत वाकावे लागे. शिंपी उंचापुरा माणूस. त्याचे डोके दर खेपेला शटरच्या कडेला आपटे आणि दर खेपेला तो शटरच्या सात पिढ्यांचा उद्धार करी. त्याच्यामागून शेजारच्या औषधाच्या दुकानातली बाई थर्मासमधून सगळ्यांचा चहा घेऊन येई. सर्वांत शेवटी, आपली गाडी नीट लागली आहे ना हे पुन्हा पुन्हा मागे वळून पाहत, गाडी शिकवणारे मास्तर येत.

तोवर चष्मेवाल्याने काउंटरवरच्या फ्रेमा उचलून खणात ठेवलेल्या असत. भिंगे पुसायची निळी फडकी एकाला एक जोडून त्याने काचेच्या काउंटरवर या टोकापासून त्या टोकापर्यंत नदी सोडलेली असे. नदीच्या अलीकडे भिंगांच्या रिकाम्या खोक्यांची गावे वसत. मोडक्या काड्यांची तटबंदी उभी राही, नाकावर टेकणाऱ्या मऊ गाद्यांची मेंढरे चरत, आणि चिमट्यानेच उचलता येतील असे बारीक स्क्रू म्हणजे माणसे. नदीच्या पलीकडे मात्र तो काहीच मांडत नसे. तिथे नुसती काच, आणि काचेखाली खणातला अंधार.

खेळ असा होता. एकाने मुलूख सांगायचा आणि बाकीच्यांनी त्यात एकेक माणूस होऊन वावरायचे. सांगणारा म्हणे, समोर बंद दार आहे. ऐकणारा म्हणे, मी ते ढकलतो. आणि ढकलल्यावर काय होते ते वीस बाजूंच्या फाशाने ठरे. चष्मेवाला हा सांगणारा, म्हणून त्याला सगळे सूत्रधार म्हणत. आठवडाभर लोकांची मापे घेणारा शिंपी इथे कुणाचेच माप न ठेवणारी कुऱ्हाडवाली बाई होई. औषधवाली एरवी चिठ्ठीशिवाय साधी गोळी हातावर ठेवत नसे. इथे ती अशी चेटकीण होती, की मंत्र म्हटल्यावर काय होणार हे तिचे तिलाच ठाऊक नसे. आणि दिवसभर शिकाऊंच्या शेजारी ब्रेकवर पाय ठेवून बसणारे मास्तर इथे चोर होते. एकदा निघाले की थांबायचे नाव नाही.

मुलखाचे नाव अलीकड. त्यात मीठघर नावाचे गाव होते. तिथे भांडण झाले की एकमेकांच्या उंबऱ्यावर मिठाचा खडा ठेवत आणि तो विरघळेपर्यंत अबोला धरत. दमट हवेत समेट लवकर होई, म्हणून तिथले लोक ढगाळ दिवशी मुद्दाम भांडून घेत. उलटगावचे लोक दिवसा झोपत, कारण त्यांचे पूर्वज आपला सूर्य एका पैजेत हरले होते. मुलखाचा राजा गादी सोडून मधमाश्या पाळायला निघून गेला होता आणि त्याच्या मुकुटात आता पोळे धरले होते. हे सगळे चष्मेवाल्याच्या इतके तोंडपाठ, की नजर तपासून घ्यायला आलेल्या माणसाला एकदा तो भिंग बदलता बदलता म्हणून गेला होता, "आता मीठघरचा बुरूज स्पष्ट दिसतो का?" गिऱ्हाईक भले होते, त्याने फळ्यावरचे खालचे अक्षर वाचून दाखवले.

नदीकाठच्या प्रत्येक गावाला एक घाट होता, घाटाला बांधलेली नाव होती आणि नावेपाशी एक दिवा जळत असे. दिव्याजवळ एक म्हातारा बसलेला असे. पलीकडे जायचे म्हटले की तो एकच उत्तर देई, "नाव आहे हो. नाववाली नाही. ती आली की जाईल."

ही नाववाली म्हणजे चष्मेवाल्याची ताई.

लहानपणी त्या दोघांची एकच खोली होती आणि खोलीत दोन पलंग होते. ताई त्याच्याहून चार वर्षांनी मोठी. दुपारी आई पडली की आवाज करायचा नाही अशी सक्त ताकीद असे. तेव्हा ताई आपल्या पलंगावर पालथी पडून, हनुवटी हातांवर टेकून, कुजबुजत्या आवाजात सांगू लागे. दोन पलंगांमधली फरशी म्हणजे नदी. त्याचा पलंग म्हणजे अलीकड. मीठघर तिचे, उलटगावही तिचेच. मुकुटात पोळे धरले ते त्याला एकदा मधमाशी चावली तेव्हा. तो फक्त विचारी, "मग मी काय करू?" आणि ती म्हणे, "तूच सांग टिल्लू, तू काय करतोस?" अख्ख्या घरात हा प्रश्न त्याला दुसऱ्या कुणी विचारत नसे. बाकीचे सगळे त्याने काय करायचे ते सांगत.

"आणि पलीकडे काय आहे?" असे त्याने विचारले, की ताई आपल्या पलंगावर पाय पसरून, अगदी राज्यकारभार चालवणाऱ्याच्या थाटात म्हणे, "ते मी सांगेन तेव्हा."

मग तिचे लग्न ठरले. नवऱ्याची नोकरी दूरच्या देशात. निघायच्या सकाळी सामान बांधण्याच्या गडबडीत त्याने तिला दारात गाठून विचारले होते, "पलीकडचं राहिलंच की." तिने त्याच्या डोक्यावर टपली मारली आणि म्हणाली, "पुढच्या खेपेला आले की सांगते." ती पुढची खेप वडील गेले तेव्हाची. तेव्हा असले काही विचारायची सोय नव्हती. त्यानंतर ती आलीच नाही. तिकिटे महाग, रजा मिळत नाही, ह्यांची फिरती. कारणे सगळी पटण्यासारखी होती. तिचा पलंग केव्हाच खोलून माळ्यावर गेला होता.

पुढे कॉलेजच्या वसतिगृहात शेजारच्या खोलीतल्या मुलांना फाशांनिशी असा खेळ खेळताना त्याने पाहिले आणि तो दारातच खिळला. ताई जे करत होती त्याला जगात नियम होते, नकाशे होते, जाडजूड पुस्तके होती! हे तिला सांगावे म्हणून त्याने फोन लावला होता. ती कामाच्या घाईत होती. "छान आहे रे," म्हणाली, "अभ्यास कर."

तेव्हापासून अलीकड त्याने एकट्याने वाढवले. गावे आली, राजवंश आले, लढाया होऊन गेल्या. त्याचे लग्न जमायचे राहून गेले, आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे, "याचं लग्न त्या नकाशाशी लागलंय, सूनबाई कपाटात गुंडाळून ठेवलीय." पण नदीपलीकडे त्याने एक झोपडीसुद्धा बांधली नाही. ती जागा ताईची होती. ती येईल, बसेल आणि सांगेल.

खेळणाऱ्या तिघांना यातले काही माहीत नव्हते, आणि इथेच घोटाळा झाला. असे खेळ खेळणाऱ्यांना एक खोड असते: सांगणाऱ्याच्या तोंडून सहज निसटलेली गोष्टही त्यांना खूण वाटते. एकदा चष्मेवाल्याने एका धर्मशाळेच्या मालकाला सर्दी आहे असे, काहीतरी बोलायचे म्हणून, सांगितले. झाले! औषधवालीने विषप्रयोगाचा संशय घेतला, मास्तरांनी त्याचा रुमाल चोरला, कुऱ्हाडवालीने त्याच्या बिचाऱ्या मेव्हण्याला झाडाला बांधले. आणि शेवटी सूत्रधाराला निमूटपणे एक कट रचून द्यावा लागला. तेव्हा घाटाघाटावरचा दिवा आणि न येणारी नाववाली त्यांच्या नजरेतून सुटणे शक्यच नव्हते.

"दिवा प्रत्येक घाटावर आहे," मास्तर म्हणाले. "तेल कोण घालतं?"

"नाववाली म्हणजे हरवलेली राणी," औषधवाली म्हणाली. "राजा काय उगाच मधमाश्या पाळायला गेला?"

"राणीबिणी काही नाही," शिंपी म्हणाला. "हा माणूस आपल्याला पलीकडे जाऊ देत नाही, एवढंच मला कळतं. मागे आपण पोहत निघालो तर मगरी आल्या. वरच्या अंगाला पूल बांधला तर पूर आला. मगरी कुठून येतात रे तुझ्या नदीत? फडक्यातून?"

"नदी आहे, मगरी असायच्याच," चष्मेवाला म्हणाला.

"मग आज तराफा बांधतो. मगरींसकट जाऊ."

आणि त्यांनी खरोखरच तराफा बांधला. अख्खी दुपार त्यात गेली. शिंप्याने दोन ओंडके कोणत्या गाठीने आवळायचे ते खिशातला दोरा काढून दाखवले; गाठ अशी पक्की बसली की चष्मेवाल्याला कात्रीनेच सोडवावी लागली. औषधवालीने आपला सर्वांत बेभरवशाचा मंत्र मगरींवर टाकला आणि फाशाने तिला कधी नव्हे ती साथ दिली, मगरी झोपल्या. मास्तरांनी घाटावरचा दिवा उचलून तराफ्यावर ठेवला. "चोरीचा नाही," ते म्हणाले, "परत आणून ठेवणार आहे." म्हाताऱ्याने अडवले नाही. कसा अडवणार, त्याच्या तोंडी घालायला चष्मेवाल्याकडे शब्दच उरले नव्हते.

सूत्रधाराला एक वाक्य पुरते. आभाळ भरून आले, एवढे म्हटले असते तरी तराफा बुडाला असता. ते वाक्य त्याच्या ओठांवर आले होते. पण समोर तीन प्रौढ माणसे निळ्या फडक्यांच्या मधोमध तराफा म्हणून ठेवलेल्या आगपेटीकडे श्वास रोखून पाहत होती, आणि त्याला आपला जुना पलंग आठवला. त्यावरून फरशीकडे असेच वाकून पाहणारा मुलगा आठवला.

"आज इथेच थांबू," तो म्हणाला. "पुढच्या वेळी काठाला लागाल."

"शब्द दिलास हं," शिंपी म्हणाला, आणि बाहेर पडताना शटरला डोके आपटूनही त्याने शिवी दिली नाही, इतका तो खुशीत होता.

तो आठवडा चष्मेवाल्याला जड गेला. यंत्रावर भिंग घासताना कड जरा जास्त गेली आणि ते फ्रेमेत बसेना. ताईचा फोन यायचा वार आला तेव्हा सकाळी तो लवकर आवरून आईच्या खोलीतच बसून राहिला.

ताई नेहमीसारखी पडद्यावर आली. एका वृद्धाश्रमात तिचे काम, बहुतेक रात्रपाळीचे. त्यामुळे चेहरा ओढलेला असला तरी कुणी त्याचे कारण विचारत नसे. फोन कुठल्याशा फळीवर टेकवून ती मागे कामे करत बोले.

"आईला थेंब कोण घालतं? तू घालतोस की ती स्वतःच गालावर ओघळवते?"

"मीच घालतो."

"जावईबापू कुठायत?" आईने मोठ्याने विचारले. तिला कमी ऐकू येई, म्हणून जगालाच कमी ऐकू येते असे ती धरून चाले.

"आत्ताच बाहेर पडले, आई. कामावर गेले."

"दर वेळी आत्ताच बाहेर पडतात," आई म्हणाली. "त्यांना सांग, एकदा सासूला तोंड दाखवून मग पडा म्हणावं."

ताई हसली. चष्मेवाल्याने फोन उचलला आणि तो गॅलरीत आला.

"ताई, एक विचारायचं होतं. पलीकडे काय होतं?"

"कशाच्या पलीकडे?"

"नदीच्या. तुझ्या पलंगाच्या बाजूला."

तिच्या मागे खिडकीच्या गजापासून दाराच्या कडीपर्यंत दोरी ताणलेली होती आणि दोरीवर धुणे होते. ती एकेक कपडा चाचपून उलटा करत होती. तिला आठवायला वेळ लागला. आठवले तशी तिने कपाळावर हात मारून घेतला.

"अरे देवा! तू अजून तिथेच आहेस?"

"तू म्हणाली होतीस, आले की सांगेन."

"मी काहीही म्हणायचे रे तेव्हा. पलीकडे काही नव्हतं. तू माझ्या पलंगावर चढून चादर चुरगाळायचास आणि बोलणी मला बसायची. म्हणून ठरवून टाकलं, नदी ओलांडायची नाही."

"एवढंच?"

"एवढंच." त्याचा चेहरा पाहून ती जरा वरमली. "आणि काय असणार पलीकडे? माणसंच असतील. धुणं वाळत घालत असतील. हे बघ, मला कालपासून सुट्टी, धुणं तेव्हापासून दोरीवर आहे, अजून दमट. इथे काही म्हणून वाळत नाही. चल, मला जरा पडू दे."

पडदा काळा झाला. चष्मेवाला गॅलरीच्या कठड्याला टेकून उभा राहिला. एका चुरगाळलेल्या चादरीपायी त्याने इतकी वर्षे गावोगावच्या नावा बांधून ठेवल्या होत्या, म्हातारे बसवून ठेवले होते, दिव्यात तेल घातले होते. ताईवर रागावावे म्हटले तर तेही जमेना. तिने त्याला फसवले नव्हते. ती नुसती विसरून गेली होती, आणि तेच त्याला अधिक लागले.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी तिघेही वेळेआधी हजर झाले. आगपेटी पुढे सरकली आणि निळ्या फडक्याच्या पलीकडच्या काठाला लागली. चष्मेवाला आजवर कधी रिकाम्या हाताने खेळायला बसला नव्हता. आज त्याच्याकडे नाव नव्हते, गाव नव्हते, राजवंश नव्हता.

"उतरलो," मास्तर म्हणाले. "दिवा हातात आहे. काय दिसतं?"

"फार काही नाही. एक घर आहे. एका खोलीचं."

"मी खिडकीतून आत बघतो."

चष्मेवाल्याच्या डोळ्यांपुढे दुसरे काही येईचना. जे दिसत होते तेच तो सांगत गेला. "आत दोरी बांधलेली आहे. खिडकीच्या गजापासून दाराच्या कडीपर्यंत. दोरीवर धुणं आहे."

"काय काय आहे?" शिंप्याने विचारले.

"अंगावर घालायचे दोन सदरे, कामावरचे असावेत. एक पायजमा. मोजे. एक टॉवेल, एक उशीचा अभ्रा."

"सदरे, पायजमा, सगळं एकाच मापाचं?"

"हो. एकाच मापाचं."

"बायकी माप की पुरुषी?"

"बायकी."

"अभ्रा एकच," औषधवाली म्हणाली. "टॉवेलही एकच. ही बाई एकटी राहते."

"तसं काही नाही," चष्मेवाला घाईघाईने म्हणाला. "नवरा आहे. आत्ताच बाहेर पडलाय."

मास्तरांनी चहाचा पेला खाली ठेवला. रोज रस्त्यावरची प्रत्येक हालचाल आधी ताडणारे त्यांचे डोळे बारीक झाले. "आत्ताच? धुणं ओलं आहे की वाळलेलं?"

"दमट. कालचं आहे."

"दुसरं दार?"

"नाही. एकच."

"मग तो गेला कुठून? दोरी दाराच्या कडीला बांधलीय. दार उघडायचं तर आधी धुणं उतरवायला हवं. आणि धुणं कालपासून तिथंच आहे." मास्तरांनी काचेवर बोट आपटले. "कालपासून या दारातून कुणी आलेलं नाही की गेलेलं नाही. खोटं बोलतोय कुणीतरी."

"आणि कुणी यायचं असेल तर माणूस दाराला दोरी बांधतच नाही," औषधवाली हळूच म्हणाली. "बिचारी."

"सापडली!" शिंप्याने मांडीवर थाप मारली. "हीच नाववाली. आपण तिची वाट बघत होतो अलीकडे, आणि ही इथं दार बांधून बसलीय. कसलं रचलंस रे सूत्रधारा! इतकी वर्षं एक शब्द फुटू दिला नाहीस."

चष्मेवाला उठला. "चहा घेऊन येतो," तो म्हणाला.

"अरे, चहा आहे की," औषधवाली म्हणेपर्यंत तो वाकून बाहेर पडला होता. या खेपेला शटरची कड त्याच्या कपाळाला लागली.

फुटपाथवर ऊन होते. शेजारच्या दुकानाच्या पायरीवर बसून त्याने फोन लावला. पहिल्यांदा तो वाजून वाजून थांबला. त्याने पुन्हा लावला.

"आत्ता कसा काय?" ताईचा झोपेतला आवाज आला. "आई बरी आहे ना?"

"आई बरी आहे. ताई, तू दोरी दाराच्या कडीला बांधतेस."

"मग कुठे बांधू? इथे भिंतीत खिळा ठोकू देत नाहीत."

"त्या दिवशी धुणं कालपासूनचं होतं. आणि भावोजी आत्ताच बाहेर पडले म्हणालीस."

"खिडकीतून गेले असतील," ती म्हणाली. पण हसू तिला पुरवता आले नाही.

"केव्हापासून, ताई?"

"झाले बरेच दिवस. त्यांचं त्यांनी वेगळं मांडलं. आईला कळू देऊ नकोस, आधीच तिचा रक्तदाब वगैरे..." ती थांबली. "तुला आज दिसलं होय रे हे?"

"मला नाही दिसलं. त्यांना दिसलं."

"कुणाला?"

"तराफ्यावरून आलेत त्यांना. तुझ्या दारात उभे आहेत."

तिकडे पलंग कुरकुरला. ती उठून बसली असावी. चष्मेवाल्याच्या मनात एक साधे वाक्य होते: घरी ये. ते त्याने पूर्वी अनेकदा जुळवून पाहिले होते, आणि प्रत्येक वेळी त्याच्या पाठोपाठ तिकिटे, रजा, फिरती अशी तिची उत्तरेही मनातच ऐकून घेतली होती. आता ते वाक्य त्याने मनातच मिटून ठेवले.

"कोण कोण आहे?" ताईने विचारले. आवाज अजून जड होता, तरी त्याच्या तळाशी दुपारी कुजबुजणारा तो जुना आवाज किंचित हलला.

"एक कुऱ्हाडवाली. एक चेटकीण. एक चोर."

"चोर कशाला आणलास? माझ्याकडे टॉवेल एकच आहे."

"तो घेणार नाही. उलट दिवा घेऊन आलाय." चष्मेवाल्याने हाताच्या पाठीने डोळे पुसले. "ताई, पुढचं मला माहीत नाही. मी तिकडचं कधी रचलंच नाही. ते दार वाजवतील. उघडायचं की नाही, ते तू सांग."

"मला तरी कुठे माहीत आहे पुढचं?"

"तुला काय करायचंय ते सांग. एवढंच विचारायचं असतं ना? तूच विचारायचीस."

तिने फोन ठेवला नाही. तसाच चालू फोन हातात घेऊन चष्मेवाला वाकून दुकानात शिरला. त्याने तो नदीच्या पलीकडे, नजर तपासायच्या भिंगांच्या पेटीला टेकवून, उभा ठेवला. मग काउंटरला वळसा घालून तो तिघांच्या बाजूला आला आणि त्यांच्या शेजारी स्टूल ओढून बसला. सूत्रधार आपली जागा सोडून अलीकडे आलेला तिघांनी कधी पाहिला नव्हता. त्याने डबीतून चिमट्याने एक स्क्रू उचलला आणि काठावर उतरलेल्या तिघांच्या स्क्रूंमागे ठेवला.

"हा कोण?" मास्तरांनी विचारले.

"हा पहिल्यापासूनच होता," चष्मेवाला म्हणाला. "वाजवा दार."

शिंप्याने फोनकडे पाहिले, चष्मेवाल्याच्या कपाळावरच्या लाल वळाकडे पाहिले, आणि काय उमगायचे ते त्याला उमगले असावे. तोंडातला विनोद त्याने गिळून टाकला. बोटांच्या पेरांनी त्याने काचेवर टकटक केले, एरवी कुऱ्हाडवाली कधी करत नसे इतक्या अदबीने.

औषधवालीने आपली खुर्ची आवाज न करता थोडी पुढे ओढली. रस्त्यावरून कुणी हातगाडी ढकलत गेले, ती पार लांब जाईपर्यंत ऐकू येत राहिली.

"कोण आहे?" फोनमधून आवाज आला.

तिघेही चष्मेवाल्याकडे पाहू लागले.

"अलीकडचे," तो म्हणाला. "उशीर झाला यायला."

"फारच झाला," ताई म्हणाली. "थांबा तिथेच. धुणं उतरवते."